‘माझ्या स्क्रीनवर तर बरोबर होतं!’ – चित्रकामासाठी मॉनिटर निवडताना



आजचा विषय वाचून दोघातिघांनी मला दारातच गाठलं. “सर, तुम्ही आणि कॉम्प्युटरचा मॉनिटर?” प्रश्न रास्त आहे. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्यातही ज्ञानमीमांसा. म्हणजे एखादी गोष्ट ‘मला कळली’ असं आपण म्हणतो, ते कशाच्या जोरावर म्हणतो, हा प्रश्न. निवृत्तीनंतर हा प्रश्न माझ्या घरी एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या रूपानं आला. तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या एका स्नेह्यांनी आईच्या आठवणी लिहिल्या. घरचंच प्रकाशन, तीनशे प्रती. मुखपृष्ठावर आईचा जुना रंगीत फोटो, अंगावर डाळिंबी रंगाचं लुगडं. मुखपृष्ठाचं काम केलं माझ्या एका विद्यार्थ्याच्या मुलीनं. ती सांगलीला असते, कलाशिक्षण पूर्ण करून दोन वर्षांपूर्वी स्वतःचा व्यवसाय सुरू केलाय. सगळं काम एका साध्या लॅपटॉपवर. प्रकाशनाला चार दिवस असताना गठ्ठे आले. उघडून बघतो तर डाळिंबी लुगडं भडक लाल झालेलं, आणि आईचा चेहरा ताप चढल्यासारखा. स्नेही एवढंच म्हणाले, “ही माझी आई नाही.”

छापखानेवाले म्हणाले, आम्हाला जी फाइल आली ती आम्ही छापली. ती मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “काका, माझ्या स्क्रीनवर तर बरोबर होतं!” शेवटी तिनं स्वतःच्या पैशांनी मुखपृष्ठं पुन्हा छापून घेतली. तिची दोन महिन्यांची कमाई त्यात गेली.

आता गंमत बघा. तिघंही खरंच बोलत होते. मग खोटं कोण बोललं? खोटं बोलला तो लॅपटॉपचा पडदा. त्याला मुळात गडद रंग दाखवताच येत नव्हते. मूळ फोटो तिच्या हातात होता, स्क्रीनवर तो फिकट दिसायचा, म्हणून ती रंग वाढवत गेली. वाढवत वाढवत स्क्रीनवरचा रंग हातातल्या फोटोशी जुळला, तेव्हा ती थांबली. तिची नजर बरोबर, हात बरोबर, पण मधला साक्षीदार फितूर.

नंतर ती मला म्हणाली, “सर, चाळीस हजार साठवलेत. चांगला मॉनिटर घ्यायचाय, पण परत फसायचं नाही.” त्या निमित्तानं मी दोन महिने वाचलं, जाणकारांना विचारलं, पुण्यातली दुकानं पालथी घातली. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

लोकसंख्या आणि दाटी

दुकानात गेलात की पहिला शब्द कानावर येतो ‘फोर के’. म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. गुणाकार केला तर साधारण ८३ लाख. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२०, उभे १०८०, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश.

पण ही झाली लोकसंख्या. एखाद्या गावात गर्दी आहे का, हे नुसत्या लोकसंख्येवरून कळत नाही. गाव केवढं, तेही बघावं लागतं. तसंच इथे. एका इंचात किती पिक्सेल बसतात ती घनता, तिला पीपीआय म्हणतात. २४ इंची फुल एचडीची घनता साधारण ९२. २७ इंची आणि २५६० गुणिले १४४० वाल्याची १०९. ३२ इंची फोर केची १३८. २७ इंची फोर केची १६३. आणि २७ इंची फाइव्ह के, म्हणजे ५१२० गुणिले २८८०, त्याची २१८. बघा, फोर के हे नाव तेच, पण २७ आणि ३२ इंचांत केवढा फरक पडला.

मग किती घनता पुरे? इथे आपल्या डोळ्याला विचारायला हवं. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात एका अंशाचे साठ भाग करतात, त्या एका भागाला ‘कला’ म्हणतात. निरोगी डोळ्याला साधारण एका कलेएवढं अंतर असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. डच नेत्रवैद्य स्नेलन यांनी १८६२ साली डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता केला, तोही याच मापावर बेतलेला आहे. आपण पडद्यापासून साधारण साठ सेंटिमीटरवर बसतो. तिथून एक कला म्हणजे ०.१७ मिलिमीटर. इंचाचा हिशेब केला तर आकडा येतो १४५ च्या आसपास.

म्हणजे त्या अंतरावर ९२ किंवा १०९ घनतेच्या पडद्यावर ठिपक्यांचे दाते जाणवणार. १३८ जवळपास पोचलं. १६३ नं उंबरठा ओलांडला. २१८ आणखी गुळगुळीत दिसतं, कारण रेषेतला बारीकसा खंड डोळा एका कलेहूनही सूक्ष्म टिपतो. पण पुढे पुढे पैसा जास्त आणि लाभ कमी. आणि हेही ध्यानात घ्या, १०९ घनतेचाच पडदा ऐंशी सेंटिमीटरवरून बघितला तर त्याचेही दाते दिसेनासे होतात. म्हणून मॉनिटर घेण्याआधी घरी टेबल आणि खुर्चीमधलं अंतर मोजा. टेपपट्टी फुकट आहे.

आपली लिपी आणि तिचे बारकावे

कुणी म्हणेल, दात्यांचं एवढं काय? इंग्रजी मजकुराचं काम करणाऱ्याला कदाचित चालून जाईल. आपल्याकडे बघा. शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार; खाली उकार, ऋकार. ‘सर्वांनी’ लिहा, एका अक्षराच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसतात. ‘तऱ्हा’मधला अर्धा र म्हणजे केसाएवढी वळलेली रेघ. ‘श’ची गाठ. ‘ष्ट्य’सारखं जोडाक्षर. ९२ घनतेच्या पडद्यावर लहान आकारातला मजकूर लावला की हे सगळं एकमेकांत मिसळतं. लग्नपत्रिकेत अनुस्वार शिरोरेषेला चिकटलाय का, हे ठरवायला त्या मुलीला दर वेळी दृश्य चारशे टक्के मोठं करावं लागायचं. मोठं केलं की अक्षर दिसतं, पण पान दिसत नाही. अक्षर आणि पान एकाच वेळी दिसायला हवं, म्हणून घनता हवी. तेव्हा उच्च रेझोल्युशन ही मराठीत काम करणाऱ्याची चैन नाही, गरज आहे.

आता यातली एक मेख. घनता वाढली की सगळं बारीक दिसतं. मेनूची अक्षरं मुंगीएवढी. म्हणून कॉम्प्युटर ती मोठी करून दाखवतो. २७ इंची फोर केवर विंडोजमध्ये दीडपट, म्हणजे १५० टक्के ठेवतात. नीट लिहिलेले प्रोग्राम त्या मापाचं चित्र थेट पडद्याच्या खऱ्या पिक्सेलवर काढतात. मॅकची रीत वेगळी. तेवढाच आकार हवा असेल तर तो आधी ५१२० गुणिले २८८० चं मोठं चित्र काढतो आणि मग ते आकसून फोर केमध्ये बसवतो. त्यानं रेघेची धार किंचित मऊ होते. कित्येकांना ते जाणवतही नाही. पण एकेक पिक्सेल मोजून आयकॉन काढणाऱ्याला जाणवतं. मॅकवर असं काम करणाऱ्यांना फाइव्ह के का आवडतो, त्याचं हे कारण. तिथे बरोबर दुप्पट होतं, आकसावं लागत नाही. विंडोजवाल्यांनी या एका कारणासाठी फाइव्ह केचा खर्च करायची गरज नाही.

रंगाचा आवाका

आता मूळ दुखण्याकडे येऊ. डाळिंबी रंग.

१९३१ साली माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांचा एक आंतरराष्ट्रीय नकाशा तयार झाला. कुठल्याही पडद्याला या नकाशाचा एक तुकडाच दाखवता येतो. त्या तुकड्याला मी आवाका म्हणतो, बाजारात गॅमट म्हणतात. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी नावाचा आवाका ठरवला. इंटरनेटवरचं बहुतेक काम अजून त्यातच चालतं. अडोबी आरजीबी १९९८ चा, तो हिरव्या-निळसर बाजूला जास्त पसरलेला आहे. छपाईच्या शाईतले काही निळसर-हिरवे रंग एसआरजीबीत मावत नाहीत, ते यात मावतात. तिसरा पी-थ्री, तो डिजिटल सिनेमाच्या प्रक्षेपकांतून आला, लाल आणि केशरी बाजूला जास्त जातो.

मग कुठला घ्यायचा? पोस्टर, पत्रिका, वेबसाइट, समाजमाध्यमांवरच्या जाहिराती, असं मिश्र काम असेल तर एसआरजीबी शंभर टक्के व्यापणारा पडदा ही किमान अट. छपाईचंच काम जास्त असेल आणि परवडत असेल, तर अडोबी आरजीबी नव्वद टक्क्यांच्या वर व्यापणारा. व्हिडिओचं काम असेल तर पी-थ्री. पण मोठा आवाका म्हणजे आपोआप चांगला, असं नाही बरं का. जो प्रोग्राम रंगांचा हिशेब ठेवत नाही, त्यात मोठ्या आवाक्याच्या पडद्यावर सगळंच भडक दिसतं. म्हणून अशा मॉनिटरमध्ये एसआरजीबीपुरतं मर्यादित राहायची सोय आहे ना, ते बघा.

माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं दिसलं तर सावध व्हा. एनटीएससी हे अमेरिकी रंगीत टीव्हीचं १९५३ सालचं माप. त्याचे ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम साठ टक्के. त्या मुलीच्या लॅपटॉपचा पडदा नेमका असाच निघाला.

पडद्याच्या जातीही आहेत. टीएन जातीत मान जरा हलवली की रंग बदलतो. आपल्या कामाला नकोच. व्हीएमध्ये काळा रंग छान गडद, पण कडेनं बघितलं की छटा सरकतात. आयपीएसमध्ये कडेनंही रंग बराचसा तोच राहतो, म्हणून चित्रकामाला तो बरा. ओलेड सुंदर दिसतो, पण एकच टूलबार दिवसाचे दहा तास एकाच जागी राहिला तर कालांतरानं त्याचा डाग उमटायची भीती असते.

आणि जे आकडे मोठ्या अक्षरांत छापतात त्यांना भुलू नका. १४४ हर्ट्झ खेळणाऱ्यांसाठी. आपल्याला ६० पुरतात. ‘दहा लाखास एक’ असला कॉन्ट्रास्ट दिवा कमीजास्त करून काढलेला असतो. साध्या आयपीएसचा खरा कॉन्ट्रास्ट हजारास एकच्या आसपास.

मीमांसक आणि नैयायिक

इथे मला माझ्या विषयात दोन मिनिटं जाऊ द्या.

आपल्याकडे एक जुना वाद आहे. झालेलं ज्ञान खरं आहे, हे कशावरून ठरवायचं? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच स्वतःची खात्री घेऊन येतं. त्याला बाध येईपर्यंत ते खरंच धरायचं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही. खरेपणाची खात्री बाहेरून करून घ्यावी लागते. लांबून पाणी दिसलं, तिथे गेलो, प्यायलो, तहान भागली, म्हणजे ते पाणी होतं. नाहीतर मृगजळ. हे परतःप्रामाण्य.

आपण सगळे पडद्यापुढे बसलो की मीमांसक होतो. ‘माझ्या स्क्रीनवर बरोबर होतं’ हे स्वतःप्रामाण्याचं वाक्य आहे. रोजच्या व्यवहारात ते चालतं, प्रत्येक गोष्ट कोण तपासत बसणार? पण ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचे पैसे आणि दुसऱ्याची आई अवलंबून आहे, त्यानं नैयायिक व्हायला हवं.

त्याचं साधन आहे. कलरीमीटर नावाचं मुठीत मावणारं यंत्र मिळतं. ते पडद्यावर टेकवायचं. कॉम्प्युटर एकेक ठरावीक रंग दाखवतो, यंत्र प्रत्यक्षात काय उमटलं ते मोजतं, आणि फरकाची नोंद एका फाइलमध्ये होते. तिला प्रोफाइल म्हणतात. त्यानंतर कॉम्प्युटर ती चूक भरून काढत राहतो. हा फरक ‘डेल्टा ई’ या मापात सांगतात. साधारण एकच्या आत असेल तर डोळ्याला कळत नाही, दोनच्या आत असेल तर काम उत्तम चालतं. काही मॉनिटरच्या खोक्यात कारखान्यातल्या तपासणीचा कागद असतो. तो चांगलाच, पण त्यातला आकडा सरासरीचा असतो, आणि पडदा वयानुसार बदलतो. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचं.

एक मात्र स्पष्ट सांगतो. ज्या पडद्याला मुळात डाळिंबी रंग दाखवताच येत नाही, त्याला कुठलंही यंत्र तो शिकवू शकत नाही. आधी आवाका, मग तपासणी.

केबल आणि दुकान

एवढं करून लोक केबलीत फसतात. जुन्या एचडीएमआय १.४ वर फोर के चालतं, पण सेकंदाला तीसच चित्रं. माउस अडखळल्यासारखा फिरतो. साठ हवी असतील तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२, निदान एवढं हवं. यूएसबी-सी असेल तर एकाच केबलीतून चित्रही जातं आणि लॅपटॉप चार्जही होतो. पण लॅपटॉपच्या त्या खाचेतून चित्र बाहेर पडतं का, हे आधी विचारा. प्रत्येक खाचेतून पडत नाही.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर चार गोष्टी न्या. एक, बारीक टायपातलं मराठी पान. दोन, ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याचा चांगला फोटो. तीन, पूर्ण करड्या रंगाचं पान. ते लावून चारही कोपरे बघा, कुठे पिवळट किंवा गुलाबी झाक आहे का. चार, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सावकाश जाणारी पट्टी. तिच्यात पायऱ्या दिसायला नकोत. दुकानात ब्राइटनेस शंभरावर असतो, तो खाली आणायला सांगा. स्टँड वरखाली होतो का ते बघा, नाहीतर मान धरते. आणि पडदा चकचकीत असेल तर त्यात ट्यूबलाइट दिसतेय का, तेही बघा.

तिनं शेवटी काय घेतलं? २७ इंची, फोर के, आयपीएस, एसआरजीबी पूर्ण व्यापणारा. अडोबी आरजीबीचा मोह तिनं सोडला, ते पैसे कलरीमीटरमध्ये घातले, आणि तेही तिघी मैत्रिणींनी मिळून. महिन्यातून एकदाच लागणारं यंत्र प्रत्येकीनं कशाला घ्यायचं?

आणि तरीही पहिला नमुना छापून आला तो पडद्यापेक्षा काळपट! तिचा रात्री फोन. मी म्हटलं, अगं, ब्राइटनेस कितीवर आहे? तो होता नव्वदावर. कागदाला स्वतःचा उजेड नसतो हो. छपाईचं काम करताना पडदा १०० ते १२० निट्सवरच ठेवायचा. शिवाय टेबलावर पिवळा बल्ब होता, आणि ती नमुना त्याखाली धरून बघत होती. छापील नमुना ५००० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात बघायचा, असा संकेत आहे. बल्ब बदलला, ब्राइटनेस उतरवला, आणि दोन्ही बरेच जवळ आले. अगदी एक झाले नाहीत, होणारही नाहीत. पडदा उजेडातून रंग करतो, कागद शाईतून. पण आता किती फरक पडणार, हे तिला आधी ठाऊक असतं.

गेल्या महिन्यात तिनं एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ केलं. फाइल पाठवताना छापखान्याला फोन करून म्हणाली, “आधी एक नमुना काढा, मी येऊन बघते.” पूर्वी म्हणायची, “माझ्या स्क्रीनवर बरोबर आहे.” माझ्या मते मॉनिटरपेक्षा हा बदल मोठा आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*फोर के टीव्ही स्वस्तात मिळतो. तोच लावला तर?*

४३ इंची फोर के टीव्हीची घनता साधारण १०२. म्हणजे ठिपके तेवढेच, पण पसरलेले. शिवाय टीव्ही चित्र आपल्या मनानं खुलवतो, आणि काही टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतात. त्यानं लाल अक्षरांच्या कडा फुटतात. सिनेमा बघायला ठीक आहे, कामाला नको.

*बजेट अगदीच कमी असेल तर काय सोडायचं आणि काय धरायचं?*

आधी एचडीआर आणि वेगाचे आकडे सोडा. मग आकार. मग रेझोल्युशन एक पायरी खाली आणा; २७ इंची २५६० गुणिले १४४० चालेल, जरा मागे सरकून बसा. पण एसआरजीबी पूर्ण असण्याची अट सोडू नका. दाते दिसले तर तुम्हाला कळतं की ते दाते आहेत. रंग चुकला तर ते कळतही नाही, आणि भुर्दंड मात्र पडतो.

*सर, तुम्ही स्वतः कुठला वापरता?*

मी अजून जुनाच वापरतो. मला फक्त लिहायचं असतं, आणि माझं लिहिणं काळं-पांढरंच आहे.